साडेदहाऐवजी दोन

आमच्या कॉलेजात ‘कॉम्प्युटर नेटवर्क्स’ हा विषय होता, पण नेटवर्क नव्हतं. प्रयोगशाळेत कॉम्प्युटर होते, बाहेर चपला काढून देवळात शिरावं तसं आत जावं लागायचं, आणि ते सगळे आपापल्या टेबलावर एकमेकांशी अबोला धरून बसलेले असायचे. तारेनं जोडलेले दोन कॉम्प्युटर मी तोवर डोळ्यांनी पाहिले नव्हते. त्यावर पानंच्या पानं मात्र लिहू शकत होते, आणि परीक्षेत लिहिलीसुद्धा.

पुण्यात हे सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. माझ्या मराठीलाही हसतात. आम्ही तंजावरचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, बाहेर तमिळ, वर्गात इंग्रजी. देवनागरी वाचायला मी इथे नोकरीला आल्यावर शिकले, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं लावून लावून. तेव्हा पुढे जी माणसं येतील ती सगळी तुमच्या मराठीत बोलतील. आमच्या मराठीत लिहायला बसले तर तुम्हाला अर्धं कळायचं नाही आणि उरलेल्या अर्ध्याला तुम्ही हसाल, आणि ही गोष्ट हसण्याची नाही.

शेवटच्या वर्षी त्या विषयात गटांनी अभ्यास करून सेमिनार द्यायचा होता. चार-चार जणांचा गट. विषय निवडायचा, पुस्तकं धुंडाळायची, पारदर्शक शीटवर रंगीत पेननं लिहायचं, आणि प्रोजेक्टर लावून सगळ्या वर्गासमोर इंग्रजीत बोलायचं. आमच्या गटात दोन मुलगे, मी आणि माझी मैत्रीण. मैत्रीण तिरुवैयारुची, आमच्यासारख्याच मराठी घरातली. तिचे वडील गाणं शिकवायचे. त्यांना सगळा गाव अप्पा म्हणायचा, मीही तेच म्हणायची.

अप्पांची एकुलती एक मुलगी, आणि तिला सूर म्हणून नव्हता. जराही नाही. लहानपणी त्यांनी तिला शिष्यांबरोबर बसवून पाहिलं, मग एक दिवस हात जोडले आणि म्हणाले, “बाई, तू गणित कर.” ती गणित करत करत आमच्या वर्गात येऊन बसली. हे ती स्वतःच हसत हसत सांगायची. वर्गात मात्र तिचं तोंड उघडायचं नाही. शाळा तमिळमधली. इंग्रजी तिला वाचता यायचं, लिहिता यायचं, पण बोलायची वेळ आली की घशात अडकायचं.

आणि नेमकं बोलण्यावरच सगळं येऊन ठेपलं होतं. तिचा सख्खा मामा तिच्यासाठी थांबला होता. तुम्ही नाक मुरडाल, माहीत आहे मला. आमच्याकडे, त्या मुलखात, मुलीवर पहिला हक्क मामाचा. मामाचं पापनाशमला खताचं आणि बियाण्यांचं दुकान. माणूस वाईट नव्हता, पण तिच्याहून बराच मोठा होता आणि तिला कडेवर घेऊन फिरलेला होता. तिला तो मामाच वाटायचा, दुसरं काही वाटेना. रडून, उपाशी राहून तिनं आईकडून एवढंच पदरात पाडून घेतलं होतं, की कोर्स संपायच्या आत नोकरीचं पत्र आलं तर लग्नाचं नाव काढायचं नाही. नाही आलं, तर मुकाट्यानं बोहल्यावर उभं राहायचं. अप्पांनी मेव्हण्याला तसा शब्दच दिला होता.

तेव्हा बंगळूर-मद्रासच्या कंपन्या माणसं उचलत होत्या, पण आमच्यासारख्या आडबाजूच्या कॉलेजात कोण येणार? कोणी फिरकत नव्हतं. आणि मग सेमिनारच्या आदल्या आठवड्यात आमच्या सरांनी वर्गात सांगितलं, बंगळूरच्या एका कंपनीतले मोठे साहेब शुक्रवारी येणार आहेत, विभागप्रमुखांचे जुने वर्गमित्र. ते दिवसभर बसून सेमिनार ऐकतील. त्यांना नेटवर्कच्या कामासाठी दोन-तीन मुलं हवी आहेत, परीक्षा नाही, मुलाखत नाही, जे बोलण्यावरून आवडतील ते घेणार. वर्गात एकदम कुजबूज झाली. मैत्रिणीनं माझा हात असा काही दाबला की बांगडी रुतली.

आमचा विषय होता टोकन रिंग. सोप्या शब्दांत सांगते. कॉम्प्युटर गोलात जोडलेले. एक खूण, तिला टोकन म्हणायचं, ती या गोलात फिरत असते. ज्याच्याकडे टोकन आलं त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. बोलून झालं की टोकन पुढे द्यायचं. आमचे दोघे वीर म्हणाले, शीटवर गोल काढू आणि बाण काढू. मैत्रीण म्हणाली, “नको. आपण चौघं गोलात उभे राहू आणि कॅन्टीनचा स्टीलचा पेला फिरवू. पेला हातात असेल त्यानंच बोलायचं.” ही कल्पना तिची. आणि सगळ्यात अवघड भागही तिनं स्वतःकडे घेतला, टोकन हरवलं तर काय होतं. यंत्रं ठणठणीत असतात, तारा शाबूत असतात, पण बोलायची परवानगीच कुणाकडे नसते, म्हणून सगळे गप्प. ही शांतता ओळखून नवं टोकन सोडायचं काम एका यंत्राला नेमून दिलेलं असतं. ते यंत्र चुकलं तर गोल तसाच बसून राहतो.

त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जायची. शिष्य गेले की अप्पा तिला समोर बसवायचे. त्यांना इंग्रजी बेताचंच, टोकन-बिकन तर शून्य. पण ती बोलायला लागली की ते मांडीवर ताल धरायचे. “इथे श्वास घे. हं. आता हे एका दमात. घाई नको, मागे कुणी लागलंय का तुझ्या?” एक इंग्रजी वाक्य ती वीस वेळा म्हणायची आणि ते वीस वेळा मांडीवर थाप द्यायचे. चार दिवसांत तिची जीभ सुटली. खरंच सुटली. मीच थक्क झाले. कॉन्व्हेंटमधली मी, पण तिच्यासारखं संथ, ठाय लयीत मला बोलता येईना. शेवटच्या दिवशी तिनं सगळं म्हणून दाखवलं तेव्हा अप्पांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “आयुष्यात पहिल्यांदा तालात राहिलीस गं.”

शुक्रवारी सकाळी ती दोघं बसनं आली. अप्पांच्या कपाळावर विभूती, हातात देवळातल्या प्रसादाची पुडी, चेहरा ओढलेला. नोटीसबोर्डवर आमच्या गटाची वेळ होती साडेदहा. ती आम्हाला आठवडाभर ठाऊक होती, पण अप्पांना कुणी सांगितली नव्हती. आदल्या रात्री जेवताना तिच्या तोंडून निघून गेली. आणि शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. आमच्या मुलखात त्या दीड तासात कुणी नवं काम सुरू करत नाही. दुकान उघडत नाहीत, मुलगी दाखवत नाहीत, मोपेडसुद्धा आणत नाहीत. घराघरांत भिंतीवर रोज फाडायचं कॅलेंडर, आणि त्यावर तारखेखाली राहुकाळ छापलेला.

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, “वेड लागलंय का? साहेब येणार, ऐकणार, जाणार. आज एक दिवस त्या राहूला बाहेर बसव ना!”

ती म्हणाली, “अप्पा रात्रभर झोपले नाहीत गं. बसमध्ये सारखे हात चोळत होते. एवढं सगळं त्यांनी केलं. ही एक गोष्ट मागतायत. करू दे.”

अप्पा सरांच्या खोलीत गेले. मी दाराशीच होते. मला वाटलं होतं, आता सर समजावून सांगतील की हे कॉलेज आहे, विज्ञान आहे, वगैरे. कसलं काय! आम्हाला नेटवर्कचे प्रोटोकॉल शिकवणाऱ्या त्या माणसाच्या टेबलावर काचेखाली आठवड्याचं राहुकाळाचं कोष्टक होतं. त्यांनी काचेवर बोट फिरवलं, जीभ चावली आणि म्हणाले, “अय्यो, माझ्या लक्षात यायला हवं होतं. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. साहेब दिवसभर आहेतच. दुपारी दोनची वेळ देतो, उत्तम वेळ आहे.” दोनचा गट होस्टेलच्या मुलांचा होता. त्यांचा पुढारी गळ्यात क्रूस घालायचा. तो खांदे उडवून म्हणाला, “चालेल सर, आमच्या देवाला राहू नाही.” सगळे हसले. अप्पासुद्धा हसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला आणि त्यांनी आम्हा चौघांना प्रसाद दिला.

साहेब वेळेवर आले. पहिल्या रांगेत मधोमध त्यांची खुर्ची, पाठीवर पांढराशुभ्र टॉवेल. साडेदहाला होस्टेलची मुलं उभी राहिली. बरं बोलली, फार काही नाही. पुस्तकातलं उतरवलेलं होतं. साहेबांनी दोन प्रश्न विचारले, काहीतरी टिपून घेतलं. मग जेवणाची सुट्टी झाली, साहेब विभागप्रमुखांबरोबर जेवायला गेले. आम्ही चौघं व्हरांड्यात पेला फिरवत शेवटची तालीम करत होतो. मैत्रिणीच्या डोक्यात मोगऱ्याचा गजरा होता, ती मधूनमधून हात लावून तो ठीक करत होती.

दोन वाजता आम्ही आत गेलो. खुर्ची होती, टॉवेल होता, साहेब नव्हते. आम्ही थांबलो. सर दारात येऊन उभे राहिले आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, “त्यांना ऑफिसातून फोन आला. लगेच निघावं लागलं. तुम्ही सुरू करा.”

मी तिच्याकडे बघितलं नाही. हिंमतच झाली नाही. मला वाटलं ती आता कोसळणार, निदान घशात अडकणार. ती बोलली. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत, श्वास जिथे घ्यायचा तिथे घेत, घाई न करता, सगळं बोलली. टोकन हरवल्याचा भाग आला तेव्हा तिनं ठरल्याप्रमाणे पेला पाठीमागे लपवला आणि आम्ही चौघंही गप्प उभे राहिलो. वर्गात चिडीचूप. ती तालमीत ठरवल्यापेक्षा जास्त वेळ गप्प राहिली. मग पेला पुढे आणला आणि उरलेलं पूर्ण केलं. सरांनी आम्हाला वर्गात सगळ्यात जास्त मार्क दिले. काय त्या मार्कांचं लोणचं घालायचं होतं?

होस्टेलच्या त्या क्रूसवाल्या मुलाला महिन्याभरात पत्र आलं. त्याचा काही दोष नाही. तरी मी पुढे त्याच्याशी बोलले नाही.

त्या दुपारी बाहेर पडताना मैत्रिणीनं आम्हा तिघांना जिन्यात अडवलं. “अप्पांना कुणी एक शब्द सांगायचा नाही. शपथ आहे माझी. त्यांनी वेळ बदलली म्हणून झालं हे त्यांना कळलं तर ते जगायचे नाहीत.” आम्ही माना डोलावल्या. अप्पा फाटकाबाहेर चिंचेखाली उभे होते, सकाळपासून तिथेच. ती हसत हसत त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, “साहेबांनी सगळं ऐकलं अप्पा. मान हलवत होते. पत्रानं कळवतो म्हणाले.” अप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बघितलंस? वेळ चांगली होती.”

त्यानंतर अप्पा रोज पोस्टमनची वाट बघत बसायचे. मी दोनदा पाहिलं. शिष्यांना गायला लावून स्वतः ओसरीवर यायचे, आणि सायकल दिसली की हाक मारायचे, “बंगळूरचं काही आहे का रे?” आतून मैत्रीण ते ऐकायची. तिच्या तोंडाकडे बघवायचं नाही. शेवटची परीक्षा झाली. आवणी महिना लागला, लग्नांचा महिना आमच्याकडचा, आणि ती मामाबरोबर बोहल्यावर उभी राहिली. अप्पा लग्नात गायले. नातेवाईक म्हणाले, काय आवाज लागलाय आज. मला ते ऐकवेना, मी पंक्तीच्या मांडवात जाऊन बसले.

मी पुण्याला आले. काही वर्षांनी, इंटरनेट लिहिलेल्या पाट्या आमच्या गावातही दिसायला लागल्या तेव्हा, सुट्टीत घरी गेले असताना तिरुवैयारुला अप्पांना भेटायला गेले. तिची आई वारली होती. अप्पा एकटेच. शिष्य कमी झाले होते, पोरं संध्याकाळी कॉम्प्युटर क्लासला जायची. त्यांनी स्वतः कॉफी केली. मी बसले होते त्याच्या समोर भिंतीवर नुसता खिळा होता. मी सहज विचारलं, “अप्पा, कॅलेंडर कुठे गेलं?”

ते म्हणाले, “त्या शुक्रवारनंतर लावलं नाही.”

मला आधी कळलंच नाही. मग हातातला पेला मी खाली ठेवला.

“मी फाटकाबाहेरच होतो ना,” ते म्हणाले. “जेवणाच्या सुट्टीत पांढरी गाडी बाहेर आली. ड्रायव्हरनं समोरच्या टपरीवर सिगारेट घ्यायला थांबवली. मी विचारलं, साहेब परत कधी येणार? तो म्हणाला, परत कुठले, तिरुच्चीला विमान पकडायचंय. मागे साहेब बसले होते. त्यांनी काच वर केली. मी हातही जोडले होते गं. त्यांना वाटलं असेल, कुणीतरी मागायला आलाय.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“ती बाहेर आली आणि म्हणाली, साहेबांनी ऐकलं. खोटं बोलताना तिचा आवाज वर चढतो. लहानपणापासून. एवढं मला ऐकू येणार नाही? जन्मभर दुसरं काय केलं मी? पण तिनं एवढं रचलं माझ्यासाठी. मग मी म्हटलं, वेळ चांगली होती. दुसरं काय म्हणणार?”

“मग पोस्टमन? रोज ओसरीवर...”

“तिला वाटायला हवं होतं ना, की मला खरं वाटलं.”

मला त्यांचा भयंकर राग आला. मी भडकले. म्हटलं, “अप्पा, मग लग्न मोडायचं होतंत! सांगायचं होतं मेव्हण्याला, की चूक माझी झाली, मुलीला आणखी एक वर्ष द्या!” ते शांतपणे म्हणाले, “दुसऱ्या दिवशी मी तुमच्या सरांचे पाय धरले. त्यांनी साहेबांना लिहिलं. उत्तर आलं नाही. आणि लग्न मोडायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मग तिला कळलं असतं की मला माहीत आहे. तिला तेवढंच एक समाधान होतं, अप्पांना कळलं नाही. ते कसं काढून घेऊ?” मग म्हणाले, “तू तिला सांगू नकोस हं.”

बाप लेकीला जपत होता, लेक बापाला, आणि त्या जपण्यात तिचं आयुष्य गेलं. एकानं तोंड उघडलं असतं तर! कुणीही. मी कपाळावर हात मारून घेतला, खरोखरच. अप्पांनी माझ्यापुढचा पेला उचलला आणि विसळायला आत गेले.

परत जाताना मी वाट वाकडी करून पापनाशमला गेले. ती दुकानात बसली होती, युरियाच्या पोत्यांमध्ये, बिलांच्या कॉम्प्युटरसमोर. अंग भरलं होतं. मामा, म्हणजे तिचा नवरा, आपुलकीनं बोलला आणि शहाळं आणायला निघून गेला. तो जाताच तिनं विचारलं, “अप्पांकडे गेली होतीस? कसे आहेत?”

“बरे आहेत.”

“त्या दिवसाबद्दल कधी काही बोलतात?”

सांगून टाकावं, असं ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर तिच्याकडे काय उरलं असतं, ते मला दिसत होतं. पोती, बिलं, आणि आपण फुकट गेलो हे समजणं.

“नाही गं,” मी म्हटलं. “त्यांना वाटतं, साहेबच विसरले असतील.”

माझा आवाज चढला होता. मलाच तो ऐकू आला. तिनं सुटकेचा श्वास सोडला, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, “बरं झालं. एवढं तरी जमलं मला.” सूर म्हणून तिला कधी नव्हताच.